सांदोबा

या, असे जवळ या. चष्मा असेल तर लावा आणि टेबलाशी जरा वाकून बघा. ज्याची ओळख करून द्यायची आहे, तो ताठ उभ्या माणसाला दिसत नाही.

समोर उभा आहे तो सैनिक 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळातला. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा स्पेस मरीन, त्यातही इंटरसेसर. उंची तुमच्या अंगठ्याएवढीही नाही. अंगात निळं चिलखत, पाठीवर यंत्राची पेटी, दोन्ही हातांत छातीवर आडवी धरलेली रायफल. त्याच्या ऐटीकडे लक्ष देऊ नका, तो नोकर माणूस आहे. रायफलच्या मागे बघा. छातीवर दोन डोक्यांचा सोनेरी गरुड आहे. एक पंख पुरा दिसतोय, दुसरा अर्धाच. तो अर्धा पंख आणि रायफल यांच्या मधल्या फटीत आमचे हे गृहस्थ राहतात. कंपनीने त्यांना नाव दिलेलं नाही. रंगवणारे जी नावं ठेवतात ती छापण्याजोगी नाहीत. मी आपलं सांदोबा म्हणतो.

सांदोबाचा पत्ता एक नाही. रायफलमागे तो असतोच, पण सैनिकाच्या काखेत असतो, पाठीवरच्या पेटीखाली असतो, झग्याच्या अस्तरात, ढालीच्या पाठीला, घोडेस्वाराची मांडी आणि खोगीर यांच्या मध्येही असतो. सगळीकडे स्वभाव मात्र एकच. दिसायचं नाही, आणि दुर्लक्षही खपवून घ्यायचं नाही.

त्याच्या जन्माची कथा मोठी गमतीची आहे. हे सैनिक पॉलिस्टायरिनचे. पोलादी साच्याच्या दोन अर्ध्यांमध्ये तापवलेलं प्लास्टिक जोराने भरायचं, थंड झालं की साचा सरळ उघडायचा. पोलाद लवत नाही. त्यामुळे पुढे आलेल्या भागाच्या आड पोकळी ठेवली तर तुकडा साच्यात अडकून बसतो, निघतच नाही. छातीपुढे रायफल धरलेला माणूस असा एका घावात ओतता येत नाही. मग कलाकार त्याचे तुकडे करतो. धड वेगळं, डोकं वेगळं, हात वेगळे, पेटी वेगळी, आणि हे सगळं एका चौकटीत टांगलेलं, तिला म्हणायचं स्प्रू. आता ही चौकट हातात घेऊन सांदोबाला शोधा. सापडणार नाही. छाती उघडी आहे, गरुड अख्खा दिसतोय, रायफलची मागची बाजूसुद्धा समोर आहे. कुठल्याही एका तुकड्यावर तो नसतो. दोन तुकडे जोडलेत की मात्र त्या क्षणाला हजर.

जुन्या सैनिकांना हा त्रास नव्हता. विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यातून १८९३ पासून पोकळ शिशाचे सैनिक निघायला लागले, ते बरेचसे एकसंध ओतलेले आणि कारखान्यातूनच रंगून आलेले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढे असले सैनिक होते. वेल्ससाहेबांना खेळण्यातल्या तोफेने ते पाडायचे होते. शिपायाच्या काखेत कोणता रंग आहे हे बघायला त्यांना सवड कुठली? पुढे १९७० च्या दशकात एअरफिक्सने हवे तसे हात-पाय जोडायचे 'मल्टिपोज' सैनिक काढले, आणि १९८७ मध्ये 'वॉरहॅमर ४०,०००' आलं त्याच वर्षी गेम्स वर्कशॉपने एका खोक्यात तीस प्लास्टिकचे स्पेस मरीन दिले. हात सुटे, बंदुका सुट्या, पेट्या सुट्या. तीस सैनिक म्हणजे तीस सांदोबा, तेही एकाच खोक्यात, आणि रंगवायचं काम गिऱ्हाइकाकडे. घराण्याची भरभराट तिथून झाली.

आता स्वभाव. चौकटीवर असताना त्याचा मागमूस नसतो आणि सुके तुकडे नुसते एकमेकांना लावून बघताना तो इतका नरम असतो की वाटतं, ह्याच्यात काय अवघड आहे. म्हणून नवखा माणूस एका बैठकीत सगळा सैनिक चिकटवून टाकतो. डिंक वाळला की सांदोबा दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा फुगून बसतो. आता काढा म्हणावं समजूत.

ही समजूत कशी निघते ते जवळून बघण्यासारखं आहे. निळं झालं, रायफल काळी झाली, राहिला गरुड. ब्रश ओठांत धरून नीट टोक काढायचं (करू नये म्हणतात, सगळे करतात), सोनेरी रंग घ्यायचा, श्वास रोखायचा आणि टोक फटीत सरकवायचं. टोक पंखावर अगदी बरोबर पोचतं. पण ब्रशला टोकामागे पोट असतं, आणि ते पोट त्याच वेळी रायफलला घासतं. काळ्या रायफलवर सोनेरी रेघ. हरकत नाही, काळ्याने झाकू. काळा घेऊन रायफलची मागची कड सावरायला जावं तर टोक पंखावर टेकतं. पंखावर काळा ठिपका. पुन्हा सोनेरी. पुन्हा रेघ. या येरझाऱ्यांत सांदोबाची तब्येत खुलत जाते. रंगावर रंग चढतो, पिसांच्या केसाएवढ्या रेषा बुजतात, आणि करायला गेलो गरुड, झाली कोंबडी असा प्रकार होतो.

डंकन ऱ्होड्स या ब्रिटिश कलाकाराने गेम्स वर्कशॉपच्या व्हिडिओंमधून रंगवणाऱ्यांच्या एका पिढीला एकच मंत्र दिला: रंगाचे दोन पातळ हात द्या. पुढे स्वतःच्या रंगांच्या मालिकेलाही त्याने तेच नाव दिलं. सांदोबाने हा मंत्र ऐकलेला नाही. तो एकच हात घेतो, तोही जाड, आणि तोही तुमचा नेम चुकल्यावर.

ब्रशच्या बाबतीत त्याने एक अफवा पसरवून ठेवली आहे. जागा लहान म्हणजे ब्रश लहान हवा, ही ती अफवा. बिचारी माणसं ट्रिपल झीरोचे चार केसांचे ब्रश आणतात. एवढ्याशा ब्रशवर रंग राहतो तो एवढासाच, आणि फटीपर्यंत पोचायच्या आत तो वाळतो. मग आत रंग लागत नाही, नुसतं खरवडल्यासारखं होतं. त्याला खरा धाक वाटतो तो लांब केसांच्या, पोटात पुरेसा रंग धरणाऱ्या आणि टोक न सोडणाऱ्या एक नंबरच्या ब्रशचा. विन्सर अँड न्यूटनच्या सिरीज सेव्हनसारखा कोलिन्स्की ब्रश असला तर सांदोबा जरा सरळ वागतो. त्या ब्रशची किंमत ऐकून मालक सरळ वागायला लागतो, ते वेगळं. काही जण जुन्या ब्रशचे केस मुद्दाम वाकवून ठेवतात आणि कोपऱ्यावरून वळून आत जातात. दिसायला वेडगळ, पण चालतं.

एअरब्रशचं तो फार मनावर घेत नाही. हवेच्या दाबाने रंग आत मारायला जावं, तर आतली हवा बाहेर यायला वाट शोधते आणि रंग घेऊनच येते. आत तसाच कोरा, बाहेरच्या कडेवर कोळ्याच्या पायांसारखे फराटे.

सांदोबावरून रंगवणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, जिथे ब्रश पोचत नाही तिथे नजरही पोचत नाही, तेव्हा सोडून द्या. ऐकायला किती शहाणपणाचं! पण हे अर्धंच खरं आहे, आणि सांदोबा नेमका उरलेल्या अर्ध्यात राहतो. नजर सरळ रेषेत जाते आणि तिला जाडी नसते. ब्रशला जाडी असते, त्याच्यामागे दांडी असते, दांडीमागे तुमचा हात असतो. सैनिक उचलून जरा डाव्या अंगाने, खालून बघा. एका ठरावीक कोनातून नजर सुळकन आत जाते आणि कोरं प्लास्टिक दिसतं. त्या कोनातून ब्रश घालायचा तर सैनिकाचा गुडघा आड येतो. दिसतं पण पोचता येत नाही अशा जागा फार नसतात. असतात तेवढ्या सांदोबाने आधीच बळकावलेल्या असतात.

दुसरा तट सब-असेंब्लीवाल्यांचा. म्हणजे तुकडे सुटेच रंगवायचे आणि जोडायचे शेवटी. बैल गेला अन् झोपा केला असं नको, हा यांचा बाणा. यांचं टेबल बघितलंत तर घाबराल. बुचांवर टोचलेली धडं, दातकोरण्यांवर डोकी, ब्लू-टॅक नावाच्या चिकट लगद्याच्या गोळ्यांवर हात, ओळीने. घरात येणाऱ्या पाहुण्याला हे काय म्हणून सांगावं हा प्रश्नच असतो. पण काम सुरेख होतं, कबूल. छाती उघडी, गरुड समोर, एकेक पीस मोजून उजळता येतं. सांदोबाचं काही चालत नाही. तो गप्प बसतो आणि जोडणीच्या दिवसाची वाट बघतो.

कारण प्लास्टिकचा डिंक हा खरं तर चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि त्यांचा सांधा एकजीव करतो. त्याला उघडं प्लास्टिक लागतं. मध्ये रंगाचा पापुद्रा आला की डिंक हात टेकतो. म्हणून जाणते लोक प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारायच्या आधीच सांध्याच्या तोंडावर ब्लू-टॅकची टिकली लावून ठेवतात. विसरले ते ब्लेडने खरवडत बसतात. आणि घाईवाले सुपरग्लू घेतात. सुपरग्लू रंगावरही धरतो, पण तो धरतो रंगाला. टेबलावरून सैनिक पडला की हात निखळतो आणि खांद्याचा रंगही सोबत नेतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी धुरकट झाक बसते. ती नेमकी कुठे बसते, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

एका हौशी गृहस्थांची गोष्ट सांगतात. दहा सैनिक, सगळे सुटे रंगवलेले, एकेका चिलखतावर आठवडाभराचं काम. या नव्या सैनिकांत रायफल धरलेला उजवा हात आणि तिला खालून आधार देणारा डावा हात यांची जोडी ठरलेली असते, चौकटीवर क्रमांकही असतात. गृहस्थांनी चौकट केव्हाच कचऱ्यात टाकली होती. वीस हात, सगळे निळे, सगळे जवळजवळ सारखे. संध्याकाळभर ते सोयरीक जुळवत बसले. शेवटच्या सैनिकाचा डावा हात रायफलपासून चांगला दोन मिलिमीटर दूर राहिला, नमस्कार करावा की नाही अशा विचारात. मधली फट एवढी मोठी की सांदोबाला पहिल्यांदाच खिडकी मिळाली. ती फट पुट्टीने भरली, पुट्टीवर निळा दिला, आणि आधीचा निळा किती पातळ केला होता हे कोणाला आठवत होतं?

मुरलेली माणसं दोन्ही तटांत बसत नाहीत. ती पाय, धड, पेटीची बैठक असं सगळं आधी पक्कं करतात आणि फक्त रायफलवाले हात सुटे ठेवतात. पेटीखालची पाठ कोणीही रंगवत नाही; ती कायमचीच झाकली जाणार. तिथला सांदोबा निवृत्त आहे आणि समाधानीही आहे. काही जण सांध्यात बारीक निओडिमियम चुंबक बसवतात, म्हणजे हात हवा तेव्हा काढता येतो. फक्त चुंबक उलटा बसला की खांदा हाताला जवळ येऊ देत नाही. मग ब्लेड आणि शिव्या.

पोशाखाच्या बाबतीत मात्र तो रसिक आहे. त्याला काळा प्रायमर प्राणप्रिय. सगळ्या सैनिकाला आधी काळं करायचं, मग वरून रंग द्यायचे, ही जुनी रीत. जिथे ब्रश चुकला तिथे काळं राहिलं, आणि काळं म्हणजे सावली, असं सगळ्यांनी समजून घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. वरून पांढऱ्या प्रायमरचा फवारा मारून माथ्यावर उजेड आणि खाली अंधार ठेवायची रीतही त्याला मानवते, कारण तो कायम खालच्या अंधारात. पण २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने कॉन्ट्रास्ट रंग आणले आणि त्याचा मूडच गेला. हे रंग फिकट प्रायमरवर द्यायचे. आता राहून गेलेली जागा सावलीत जात नाही, पांढरी फटक उठून दिसते. वर्षानुवर्षं कुजबुजणारा सांदोबा एकदम ओरडायला लागला.

कॉन्ट्रास्ट रंग आणि वॉश पातळ असल्याने आपणहून खाचेत उतरतात, हे त्याच्यावरचं औषध आहे असं सांगतात. आहेही. 'नल्न ऑइल' नावाचा काळा वॉश फटीच्या तोंडाशी ठेवला की तो सुरसुरत आत जातो, ब्रश आत घालावाच लागत नाही. रंगवणारा खूश होऊन पुढच्या सैनिकाकडे वळतो. पण आत गेलेलं बाहेर काढण्याची सांदोबाला खोड आहे. थोड्या वेळाने फटीच्या खालच्या टोकाला एक थेंब जमतो, मोठा होतो, आणि दुपारभर खपून उजळलेल्या पट्ट्यावर सावकाश ओघळतो. वाळल्यावर त्याचा डाग पडतो, कडा गडद, मध्ये फिका. जाणता माणूस वॉश दिल्यावर कोरडा ब्रश घेऊन पाळतीवर बसतो आणि थेंब दिसला की टिपून घेतो.

पुण्या-मुंबईकडच्या हौशी मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पावसाळी दमट हवेत डब्यातला प्रायमर फवारला की तो कधी कधी खरखरीत बसतो, रव्यासारखे कण उमटतात. उघड्या खांद्यावरचे कण घासून काढता येतात. फटीतले नाहीत. त्यावर पुढचा प्रत्येक रंग कणीदार चढतो. जुलैत प्रायमर मारणाऱ्याशी सांदोबाची खास दोस्ती आहे.

नातलगही भेटण्याजोगे आहेत. ढालीची पाठ ही सगळ्यात समजूतदार: ढाल सुटी ठेवा, मागून रंगवा, मग लावा, तक्रार नाही. झग्याचं अस्तर नखरेल. वाऱ्यावर उडणारा झगा ते मुद्दाम पसरून दाखवतं आणि पोटऱ्यांमागे मात्र ब्रशला हात लावू देत नाही. घराण्यातली बडी असामी म्हणजे ऱ्हायनो ही चिलखती गाडी. हिच्या आत स्क्रीन आहेत, बटणं आहेत. माणसं आठवडाभर खपून स्क्रीनवर हिरवे आकडे रंगवतात, बटणांना लाल ठिपके देतात आणि शेवटी छत चिकटवून टाकतात. छत लावायच्या आधी फोटो काढतात. कोणी घरी आलं की आधी गाडी दाखवतात आणि लगेच फोटो. फोटो नसेल तर आत काही आहे यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नाही की काय, कोण जाणे.

आता तुम्ही विचाराल, एवढं कोणासाठी? चारचौघांत सांदोबाला काहीही मान नाही. दोन हजार गुणांच्या सैन्यांची लढाई चव्वेचाळीस बाय साठ इंचांच्या टेबलावर होते. समोरच्या खेळाडूला तिथून तुमचा सैनिक निळा आहे एवढं कळतं. २०२० च्या नियमांपासून सगळं सैन्य रंगवलेलं असलं की दहा गुण आयते मिळतात, पण ते देताना कोणी रायफलच्या मागे वाकून बघत नाही. त्याला मान मिळतो तो एकाच ठिकाणी. गेम्स वर्कशॉपची 'गोल्डन डेमन' ही रंगकामाची स्पर्धा १९८७ पासून चालत आली आहे, आणि तिथे सर्वोत्तम ठरणाऱ्याला खरीखुरी तलवार देतात. त्या वाटेला गेलेले लोक भिंगाखाली सांदोबाला आंघोळ घालतात, त्याच्यासाठी वेगळी सावली मिसळतात, त्याच्या कपाळी उजेडाची रेघ ओढतात. तिथे तो असा काही रुबाबात बसतो की ओळखू येऊ नये.

घरच्या टेबलावर त्याला ओळखणारा एकच माणूस असतो, ज्याने सैनिक रंगवला तो. शंभर सैनिक मांडून ठेवा, त्याची नजर नेमकी तिसऱ्या रांगेतल्या डावीकडून दुसऱ्याकडे जाईल. चोराच्या मनात चांदणं! दुसऱ्या कोणी त्याच सैनिकाचं कौतुक केलं, की हा घाईने तो उचलतो आणि त्याची डावी बाजू आपल्याकडे वळवून धरतो.

अलीकडे सांदोबाने नवी जागा घेतली आहे. घरगुती थ्रीडी प्रिंटरला साचा लागत नाही. रेझिनचा थरावर थर चढवत तो सैनिक अखंड उभा करतो, रायफल छातीपुढे धरलेला, गरुड मागे, फट जशीच्या तशी. पूर्वी तुकडे जोडेपर्यंत तरी सांदोबाला थोपवता यायचं. आता तो सैनिकाबरोबरच जन्मतो आणि दार आतून लावूनच येतो. फाइली विकणारे हुशार. ते बऱ्याचदा एकाच सैनिकाच्या दोन फाइली ठेवतात, एक अखंड आणि एक तुकड्यांची. लोक अखंड उतरवून घेतात, जोडायची कटकट नको म्हणून. रंगवायला बसल्यावर, साधारण सोनेरी रंगाची बाटली उघडली की, ते उठून दुसरी फाइल शोधायला जातात.